सातव्या महिन्यात बीपी वाढलं, ठेच्यामुळे का?

प्रश्न: ताई, मी चोपड्याची, पहिलंच बाळंतपण, बीपी १४६/९४ निघालं. सासूबाई म्हणतात कळण्याची भाकरी अन् ठेचा खाल्ला म्हणून, मैत्रीण म्हणते शरीर बाळाला परकं समजतंय. खरं काय?

उत्तर: अगं, ठेच्याचा दोष नाही. बाळाची वार अर्धी वडिलांकडची, म्हणजे तुझ्या प्रतिकारशक्तीला थोडी परकी, तरी एरवी तीच शक्ती वारेला सांभाळून घेते, गर्भाशयातल्या पेशी रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदतच करतात, पण हे जमलं नाही तर वाहिन्या अरुंद राहतात, वारेला रक्त कमी पडतं, मग तिच्यातून आईच्या रक्तात असं काही उतरतं की बीपी चढतं. पहिलटकरणीत हे जास्त दिसतं, आणि यात तुझी काहीच चूक नाही गं. पण २० आठवड्यांनंतर १४०/९० च्या वर म्हणजे थांबायचं नाही, आज-उद्यातच डॉक्टरांकडे जा, लघवीतलं प्रोटीन तपासून घे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं किंवा सकाळी चेहरा सुजून बांगड्या रुतायला लागल्या तर रात्र असली तरी १०८ ला फोन लाव.