वाचकांचे प्रश्न : बायबलमधला सूर्य आणि मरणानंतरची आशा

प्रश्न : घरातल्या मृत व्यक्तीच्या स्मरणप्रार्थनेत जुन्या करारातल्या मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातले ‘न्याय्यत्वाच्या सूर्या’चे वचन वाचायचे आहे. तेवढे एकच वचन वाचले तर चालेल का? आमच्याकडच्या एका बायबलात मलाखीला चौथा अध्यायच नाही.

उत्तर : हिब्रू बायबलात मलाखीचे तीनच अध्याय आहेत. इतर आवृत्त्यांत जे ४:१-२ म्हणून छापले जाते, ते तिथे ३:१९-२० असते. काही कॅथलिक आवृत्त्याही हिब्रू क्रमांकच पाळतात. ऐन प्रार्थनेच्या वेळी पाने उलटत बसण्याची पाळी येते ती यामुळेच. वाचणाऱ्याने आदल्या दिवशीच पानात खूण घालून ठेवावी.

न्याय्यत्वाचा सूर्य ज्यात आहे ते दुसरे वचन (४:२) एकटे वाचू नये. पहिल्या वचनात तो दिवस भट्टीसारखा धगधगत येतो आणि उद्दाम लोक वाळल्या धसकटासारखे जळतात. दुसऱ्या वचनात तोच दिवस देवाचे भय धरणाऱ्यांवर सूर्य होऊन उगवतो आणि त्याच्या पंखांत आरोग्य असते. आधीचे वचन गाळले की ‘न्याय्यत्व’ हा नुसता शोभेचा शब्द उरतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना एक दिवस न्याय मिळेल, हा त्यातला दिलासा नाहीसा होतो. पंख असलेले सूर्यबिंब प्राचीन इजिप्त, अश्शूर आणि इराणच्या शिल्पांत जागोजाग कोरलेले दिसते. संदेष्टा ते ओळखीचे चित्र घेतो, पण सूर्याला देव करत नाही.

वचनाच्या शेवटी गोठ्यातून सुटलेली वासरे उड्या मारतात. शोकाच्या प्रसंगी हे वाचायला लोक संकोचतात आणि अलीकडेच थांबतात. तसे करू नका. मोकळे होण्याचा आनंद हाच त्या वचनाचा शेवट आहे.

मात्र मलाखी इथे ‘प्रभूच्या दिवसा’बद्दल, म्हणजे देव न्याय करायला येईल त्या दिवसाबद्दल बोलतो, मेलेल्यांबद्दल थेट काही सांगत नाही. नव्या करारातही हे वचन थेट उद्धृत केलेले नाही. त्याचा सर्वांत जवळचा पडसाद लूक १:७८-७९ मध्ये, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या याच्या गीतात आहे. तिथे वरून उगवणारा प्रकाश मृत्यूच्या छायेत बसलेल्यांवर पडतो. म्हणून आधी मलाखी ४:१-२ आणि लगेच लूक १:७८-७९ वाचावे. चारच वचने होतात आणि मृत्यूशी असलेला संबंध उघड होतो.

प्रश्न : मत्तय १३:४३ म्हणते की नीतिमान लोक सूर्यासारखे प्रकाशतील. मेलेली माणसे आकाशातले तारे होतात, असा याचा अर्थ घ्यायचा का? करिंथकरांस पत्रातही सूर्य, चंद्र आणि तारे यांचे तेज वेगवेगळे म्हटले आहे. म्हणजे स्वर्गातही पायऱ्या आहेत का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. हा गैरसमज फार पसरलेला असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

मत्तय १३:४३ हे निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, दाखल्याच्या खुलाशातले शेवटचे वचन. त्यामागे दानीएल १२:३ आहे. तिथे सुज्ञ लोक अंतराळाच्या तेजासारखे आणि ताऱ्यांसारखे झळकतात. पण दानीएल १२:२ आधी वाचले नाही तर घोटाळा होतो. मातीत झोपी गेलेले पुष्कळ जण जागे होतील, असे त्यात म्हटले आहे. हिब्रू शास्त्रात पुनरुत्थानाचा इतका स्पष्ट उल्लेख दुसरा नाही. म्हणजे आधी मातीतून उठणे आणि मग तेज. ‘सारखे’ हा शब्दही सोडू नये. माणूस माणूसच राहतो, त्याच्यावर तेज येते.

मत्तयाने ताऱ्यांच्या जागी सूर्य आणला आहे. पुढे चारच अध्यायांनंतर, १७:२ मध्ये, डोंगरावर रूपांतर होताना येशूचा चेहरा सूर्यासारखा प्रकाशतो. हाच प्रसंग मार्क ९ आणि लूक ९ मध्येही आहे, पण तिथे सूर्याचे नाव नाही. हा योगायोग आम्हाला वाटत नाही. नीतिमानांना जे तेज मिळणार आहे ते मत्तय आधी येशूच्या चेहऱ्यावर दाखवतो. ही आशा आकाशाकडे पाहून बांधलेली नाही, तिचा आधार येशू आहे.

आता १ करिंथ १५:४१. हे वचन एकटे उचलले की सूर्यलोक, चंद्रलोक, तारालोक अशी उतरंड तयार होते. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो ३५व्या वचनात येतो : मेलेले कोणत्या प्रकारच्या शरीराने उठतात? देवाला अनेक प्रकारची शरीरे घडवता येतात, हे दाखवायला तो आधी माणूस, पशू, पक्षी आणि मासे यांची नावे घेतो, मग आकाशातल्या ज्योतींची. लगेच ४२ ते ४४ या वचनांत चार जोड्या येतात : नाशवंत पेरले जाते, अविनाशी उठते, अपमानात पेरले जाते, गौरवात उठते, अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठते, प्राणमय शरीर पेरले जाते, आध्यात्मिक शरीर उठते. तुलना आताचे शरीर आणि उठलेले शरीर यांची आहे. एका मृताची दुसऱ्याशी नाही.

पौलाने मुख्य दृष्टांत बीजाचा घेतला, सूर्योदयाचा नाही, हेही पाहण्यासारखे आहे. काल मावळलेला सूर्य आज तसाच उगवतो आणि संध्याकाळी पुन्हा मावळतो. बीज मात्र वेगळे रूप घेऊन वर येते. ‘सूर्य रोज उगवतो, तसा माणूसही परत येईल’ असे शोकसभेत म्हटले जाते तेव्हा सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने निसर्गाचे चक्र आशेचे कारण बनवलेले असते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंत याने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातही दिवस-रात्रीचा दाखला आहे. पण त्याआधी तो येशूच्या उठण्याचा उल्लेख करतो आणि दिवस-रात्र नंतर आणतो. हा क्रम उलटा झाला की प्रवचन बिघडते.

प्रश्न : बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, नव्या यरुशलेमेत म्हणजे देवाच्या भावी नगरात सूर्य नसेल असे लिहिले आहे. आमच्या आईला सकाळचे ऊन फार आवडायचे. तिच्यासाठी हे वाचायला मन धजत नाही.

उत्तर : न धजण्याचे कारण समजते, पण मजकूर नीट पाहा. २१ आणि २२ या अध्यायांत जे ‘नाही’ म्हटले आहे ते मोजून ठेवा : समुद्र (२१:१), मरण, शोक, रडणे आणि कष्ट (२१:४), मंदिर (२१:२२), रात्र (२१:२५ आणि २२:५), शाप (२२:३). सूर्य या यादीत नाही. त्याच्याबद्दल फक्त एवढेच म्हटले आहे की त्या नगराला त्याची गरज नाही, कारण देवाचे तेज त्याला प्रकाशित करते आणि कोकरा, म्हणजे येशू, त्याचा दीप आहे (२१:२३). हे चित्र यशया ६०:१९-२० वरून आले आहे. तिथे एका वचनात सूर्य दिवसाचा प्रकाश राहत नाही आणि पुढच्याच वचनात ‘तुझा सूर्य कधी मावळणार नाही’ असे म्हटले आहे. ही काव्याची भाषा आहे, खगोलशास्त्राची नव्हे.

जुन्या करारात ‘सूर्य पाहणे’ म्हणजे जिवंत असणे. उपदेशक ११:७ मध्ये प्रकाश गोड आणि सूर्य पाहणे डोळ्यांना सुखाचे आहे. उपदेशक ६:५ मधल्या मृत जन्मलेल्या बाळाने सूर्य पाहिलेलाच नाही. मृत्यू म्हणजे सूर्य दिसेनासा होणे, या दुःखाला प्रकटीकरण उत्तर देते : मेलेल्या माणसाचा सूर्य गेला तरी प्रकाश गेला नाही. आईला ज्याची गोडी होती ते तिच्यापासून हिरावलेले नाही. आधी उपदेशक ११:७, मग प्रकटीकरण २१:१-५ आणि २१:२२-२५ असे वाचा. सावकाश वाचले तरी तीन-चार मिनिटांत संपते. प्रकटीकरण ७:१६ मात्र जपून निवडा. तिथे सूर्य चटका देणारा आहे आणि त्याची बाधा होणार नाही असे वचन आहे. दीर्घ, यातनामय आजारानंतर आलेल्या मृत्यूच्या वेळी ते नेमके लागू पडते.

प्रश्न : येशू वधस्तंभावर असताना पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण होते का?

उत्तर : नाही. येशूला वधस्तंभावर दिले ते वल्हांडण या यहूदी सणाच्या वेळी. हा सण पौर्णिमेच्या सुमारास येतो आणि सूर्यग्रहण फक्त अमावस्येला होते. शिवाय खग्रास स्थिती एका ठिकाणी जास्तीत जास्त साडेसात मिनिटे टिकते. मार्क १५:३३ मधला अंधार दुपारी बारा ते तीन असा आहे. अर्थासाठी आमोस ८:९-१० वाचा : भर दुपारी सूर्य मावळतो आणि एकुलत्या एका मुलासाठी करावा तसा शोक होतो.

प्रश्न : मृताला पुरताना पाय पूर्वेकडे ठेवायलाच हवेत का? ही सूर्यपूजाच नाही का?

उत्तर : पवित्र शास्त्रात असा नियम नाही. प्रथा जुनी आहे, आणि तिचा आधार म्हणून मत्तय २४:२७ दाखवतात : पूर्वेकडून चमकून पश्चिमेपर्यंत दिसणाऱ्या विजेसारखे मनुष्याच्या पुत्राचे, म्हणजे येशूचे, येणे होईल. उठल्यावर तोंड त्याच्याकडे असावे, म्हणून पाय पूर्वेला. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बाप्तिस्मा घेणारे आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा धिक्कार करत आणि मग पूर्वेकडे वळत.

शंका मात्र रास्त आहे. यहेज्केल ८:१६ मध्ये मंदिराकडे पाठ करून पूर्वेला सूर्यापुढे वाकणाऱ्या सुमारे पंचवीस पुरुषांचा निषेध आहे. पाचव्या शतकात पोप पहिले लिओ यांनी संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवर मागे वळून उगवत्या सूर्याला नमन करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना प्रवचनातून खडसावले होते. दिशा ज्याची वाट पाहायची त्याच्यासाठी आहे, सूर्यबिंबासाठी नाही, हे कुटुंबातल्या मुलांना सांगितले की पुरे. जागेमुळे कबर उत्तर-दक्षिण खणावी लागली तर मनाला लावून घेऊ नका. १ थेस्सलनी ४:१६ मध्ये ख्रिस्तामध्ये मेलेले प्रथम उठतील असे म्हटले आहे, दिशेची अट तिथे घातलेली नाही.