पाच सर-मॅडम, पाच लिंका

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला विज्ञान शिकवते. अतिवृष्टीमुळे चार दिवस शाळा बंद होती तर हेडसर म्हणाले ऑनलाइन घ्या. दहावीला आम्ही पाच जण, पाचांच्या पाच लिंका, पोरं गोंधळलेली. गणिताचे सर दोन वर्षांत रिटायर होतील, ते म्हणतात मला नाही जमत, माझा तास तुम्हीच घ्या. त्यात सगळ्यांचे फोन मला, "मॅडम, आवाज येत नाहीये." काय करू?
— एक शिक्षिका, रायगड

उत्तर : मॅडम, हसू आलं, सॉरी, पण 2020 च्या जूनमध्ये आमच्या स्टाफरूमचं हेच चालू होतं. आणि चूकही सेम, जिला मोबाइलमधलं कळतं तिच्या गळ्यात सगळं घातलं, दिवाळीपर्यंत ती बिचारी फोन वाजला तरी दचकायची.

पहिलं, लिंक एकच ठेवा. शाळेत पोरं जागेवर असतात आणि आपण बदलतो ना, तसंच इथं. झूमच्या फुकट खात्यात ग्रुप मीटिंग 40 मिनिटांत तुटते, तीच तासाची घंटा समजायची, पोरं परत त्याच लिंकवर येतात. केंद्र सरकारच्या ऑनलाइन वर्गांसाठीच्या 'प्रज्ञाता' सूचना जुलै 2020 मध्ये आल्या, त्यात नववी ते बारावीला दिवसात चारच तास, 30 ते 45 मिनिटांचे. म्हणजे तुमच्यातला पाचवा रोज मोकळा, त्याने न आलेल्या पोरांच्या घरी फोन लावायचे. बऱ्याच घरी फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, हे फोन केल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, जोड्या लावा. एक शिकवणार, दुसरा पोरांना आत घेणार, चॅट वाचणार, आवाज गेला तर सांगणार. मग तुम्हाला फोन येणारच नाहीत.

आता गणिताचे सर. त्यांना ॲप शिकवायला बसू नका हो, अपमान वाटतो. आमच्याकडे असेच एक सर होते, त्यांना आम्ही लोणच्याच्या दोन बरण्या, वर दोन फूटपट्ट्या आणि मधे फोन, कॅमेरा खाली वहीकडे, असं करून दिलं. पहिल्या दिवशी हाताची सावली पडून आकडेच दिसेनात, मग दिवा डावीकडे घेतला. बाकी सगळं जोडीदार सांभाळायचा, सर फक्त स्केचपेनने गणितं सोडवायचे, अगदी फळ्यावर सोडवल्यासारखी, आणि पोरं म्हणाली सर तुमचं अक्षर फळ्यापेक्षा इथं नीट कळतं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी स्वतःच विचारलं, हे रेकॉर्ड कसं करतात?

त्यांची जोडीदार तुम्ही मात्र होऊ नका. मराठीच्या मॅडमना द्या, नाहीतर फिरून सगळं तुमच्याकडेच. आणि हे जोड्यांचं तुम्ही नका सांगू, हेडसरांना मीटिंगमध्ये सांगायला लावा.