पहिल्यांदा रबर कोटिंग मारतोयस? आधी चाकं कर

रबर कोटिंग म्हणजे गाडीवर स्प्रेने मारायचा, नंतर सोलून काढता येणारा रबरी थर. तो मारताना थेट बॉनेटला हात घालू नकोस. आधी चार अलॉय व्हील्स कर, चुकलं तरी सोलून पुन्हा मारता येतं.

धुण्यात घाई नको. वॅक्स किंवा पॉलिशचा थर राहिला तर कोटिंग धरत नाही. सिंहगड रोडची धूळ तर दाराच्या कडांमध्ये, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसलेली असते, तिथे जुना टूथब्रश फिरव.

पहिला हात अगदी विरळ मार, खालचा रंग निम्मा दिसायला हवा. तो पाहून जीव खालीवर होतो, पण तिथेच थांब. पुढचे हात ओलसर, भरीव. एकूण पाच-सहा तरी हवेतच. कंजुषी केलीस तर सोलताना अखंड पापुद्रा निघत नाही, नखाएवढे तुकडे हाताला येतात. मी एका बंपरवर तीनच हात दिले होते, तो साफ करण्यात अख्खा रविवार गेला.

मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढ. सुकल्यावर ओढलीस तर कडेची रबरही सोबत येते.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नकोस, दमट हवेत पांढुरके डाग येतात. बंद बेसमेंटमध्येही नको. वाफ डोक्यात जाते, चांगला रेस्पिरेटर, म्हणजे वाफ गाळणारा मास्क, घालच. पेट्रोलने हे कोटिंग विरघळतं, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ सांडलेला थेंब लगेच टिप.

गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला पत्रा असेल तर आधी कोपऱ्यात करून बघ, कच्चा रंग सोबत उखडतो. आणि पूर्ण गाडीचा रंग बदलणार असशील तर आधी आरटीओत जाऊन ये, आरसी बुकात रंग लिहिलेला असतो.