शिडाच्या बोटीने कोकणातल्या खाडीत मुक्कामी आतवर जायचंय, सुरुवात कुठून करू?

विजयदुर्गापासून करा. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही, पाणी खोल आहे, आणि किल्ल्याला वळसा घालून आत शिरलं की पश्चिमेची लाट एकदम तुटते. दोन्ही काठांना डोंगर, खाली चिखलाचा तळ, त्यामुळे नांगर छान धरतो. मी याच किनाऱ्यावर शिडाची बोट चालवतो, म्हणून वेळेचं गणितही सांगतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो; आत शिरायचं ते दुपारी, भरती चढत असताना. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढा जबर असतो, पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी सौम्य असते ते, धरावेत. डोंगरांच्या वळणांवर वारा मध्येच पडतो आणि मध्येच झोत येतो, तेव्हा शीड आवरायला माणूस हाताशी हवाच. जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जा, ती कुणाची तरी रोजीरोटी आहे.

एक अट मात्र आहे: डोलकाठीची उंची. जयगड खाडीत राई-भातगाव पूल आडवा येतो, इतरत्र विजेच्या तारा. काठी पाण्यापासून किती उंच आहे ते मोजा आणि स्थानिक खलाशांना विचारूनच पुढे जा. आणि हे सगळं नोव्हेंबर ते मार्चपुरतं. पावसाळ्यात अजिबात नको.