रूममेट एमडी घेतोय. कॉलेजला सांगू, घरी सांगू, की गप्प बसू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. गंगापूर रोडला तिघांनी मिळून फ्लॅट घेतलाय. त्यातला एक जण दिवाळीपासून शनिवार-रविवार दारू पितो आणि आता त्यावर एमडी ही नशेची पावडरही घ्यायला लागलाय. कॉलेजला सांगितलं तर त्याचं वर्ष जाईल, घरी सांगितलं तर मैत्री जाईल आणि गप्प बसलं तर तुला झोप लागत नाही.

मी नाशिकच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि अकरा वर्षं मुलांच्या होस्टेलचा रेक्टर होतो. आता निवृत्त आहे. तुला ‘तू’च म्हणतो, माझ्या सगळ्या मुलांना तसंच म्हणत आलो.

माझं उत्तर: सांग. कोणाला आणि कसं, ते पुढे लिहितो. त्याआधी एक गोष्ट पाठ करून ठेव, कारण तिची गरज येत्या शनिवारीही पडू शकते.

तो पिऊन पडला आणि हाका मारून, जोरात हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंद जात असतील, ओठ-नखं निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर 108 ला फोन करायचा. एमडीनंतर अंग तापून निघालं, छातीत दुखायला लागलं, झटका आला किंवा ‘कोणीतरी मला मारायला येतंय’ असं तो बडबडायला लागला, तरी 108. गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे वाकवायचा, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही. उताणं झोपवायचं नाही. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची बादली, घशात बोटं, यातलं काही करायचं नाही. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य सर्वांत धोक्याचं. पोटातली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते, म्हणजे झोपल्यावर तासाभराने तो आहे त्यापेक्षा जास्त नशेत असू शकतो. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगायचं. रुग्णालय कदाचित पोलिसांकडे नोंद करेल. करू दे.

हे इतकं ठासून का सांगतोय, तेही लिहितो. मी रेक्टर झालो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. 31 डिसेंबरला चार मुलं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेली होती. एकाला उचलूनच आणावं लागलं. बाकीच्या तिघांनी त्याला मागच्या दाराने वर नेलं, उताणं झोपवलं, लिंबू पिळून पाजलं आणि दिवा बंद केला. सरांना कळलं तर होस्टेल जाईल, ही एकच भीती. शेजारच्या खोलीत सुरगाण्याकडचा पहिल्या वर्षाचा मुलगा होता. त्याला घरघर ऐकू आली. रात्री अडीच वाजता त्याने माझं दार वाजवलं. आम्ही पोचलो तेव्हा उलटी घशात अडकून पोराचा चेहरा काळानिळा पडला होता. चार दिवस तो आयसीयूत होता. वाचला.

पुढे जे झालं त्याची मला आजही लाज वाटते. कॉलेजच्या समितीने पिणाऱ्याला होस्टेलमधून काढलं, तिघांना काढलं, आणि ज्याने दार वाजवलं त्यालाही ‘माहिती असून आधी कळवलं नाही’ म्हणून काढलं. मी त्या बैठकीत होतो. बोललो, पण अडून बसलो नाही.

त्यानंतर दोन वर्षं रात्री माझं दार कोणी वाजवलं नाही. मला वाटलं, होस्टेल सुधारलं. मग एका परीक्षेत एक मुलगा बाकावरच झटका येऊन कोसळला. तो कित्येक महिने अल्प्राझोलाम या चिंता-झोपेवरच्या गोळ्या घेत होता. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात, तीच. परीक्षा आली म्हणून त्याने एका दिवसात सगळं बंद केलं होतं. त्याच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलांना हे माहीत होतं. कोणीही माझ्याकडे आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं ते मला ठाऊक होतं.

म्हणून, तू विचारतोयस त्याच्या मुळाशी मला ही भीतीच दिसते. मुलं मित्रावर प्रेम नाही म्हणून गप्प बसत नाहीत. सांगणाऱ्याचंच वाटोळं होताना त्यांनी पाहिलेलं असतं. पुढे प्राचार्यांच्या मागे लागून मी एक गोष्ट मान्य करून घेतली: स्वतःसाठी किंवा मित्रासाठी जो मदत मागायला येईल, त्याच्यावर कारवाई होणार नाही. जो विकतो त्याचा मामला वेगळा, तो पोलिसांचा. प्राचार्य तोंडी हो म्हणाले, लेखी कधीच दिलं नाही. तरी पहिल्याच महिन्यात दार वाजलं.

आता तुझ्या मित्राबद्दल. एमडी म्हणजे मेफेड्रोन. हे कुठल्या झाडापासून येत नाही, रसायनं मिसळून बनतं आणि बनवणारा शुद्धतेची पर्वा करत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा ज्या विषयावर मी आयुष्य काढलं त्याचा असा उपयोग झालेला पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पुडीत एमडी किती, भेसळ किती आणि कसली, हे घेणाऱ्याला तर नाहीच, आणून देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याचा अंमल लवकर उतरतो म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढतो. दारूबरोबर घेतलं की दारू चढल्याचं जाणवत नाही, म्हणून आणखी पितो. दोन रात्री झोप नाही, जबडा आवळलेला, नाकातून रक्त, मग दोन दिवस मेल्यासारखी झोप आणि त्यानंतर काळंकुट्ट नैराश्य. त्या उतरत्या दिवसांत त्याला एकटं सोडू नकोस. ‘जगून काय करू’ असं काही बोलला तर ते नशेतलं बोलणं समजून सोडून देऊ नकोस.

बोलायचं तर त्याच्याशी आधी, एकट्याशी, आणि तो पूर्ण शुद्धीत असताना. माझा अनुभव मंगळवार-बुधवारचा. शनिवारची ओढ अजून लागलेली नसते, रविवारचा पश्चात्ताप ताजा असतो. टपरीवर चहाला घेऊन जा. ‘तू व्यसनी झालायस’ म्हणू नकोस, तो नाही म्हणेल आणि बोलणं तिथेच संपेल. जे पाहिलंस तेवढंच सांग: ‘सोमवारी तुझं प्रॅक्टिकल बुडालं. दोन रात्री तू झोपला नाहीस. माझे तीन हजार परत आले नाहीत. मला भीती वाटते.’ मग गप्प बस. त्याला बोलू दे. घरची आठवण, केटी लागलेले विषय, कोणी मुलगी, गावाकडे बुडालेला कांदा, काय निघेल सांगता येत नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलांचं दुखणं नशेच्या आधीचं होतं.

‘माझा मी सोडतो’ म्हणाला तर हो म्हण, पण मुदत घाल: दोन आठवडे, आणि पुन्हा झालं तर तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील. यापुढे पैसे उसने द्यायचे नाहीत, त्याची हजेरी लावायची नाही, त्याच्या आईला फोनवर ‘लायब्ररीत आहे’ सांगायचं नाही. मात्र तो रोज पीत असेल किंवा गोळ्या घेत असेल, तर ‘आजपासून बंद’ असा शब्द त्याच्याकडून घेऊ नकोस. रोजची दारू किंवा त्या गोळ्या अचानक तोडल्या तर झटके येतात, माणूस भ्रमात जातो, जीवही जाऊ शकतो. तिथे सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

कायद्याची भीती तुला आहे, तर तेही नीट समजून घे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, 1985 चा. नुसतं सेवन हाही त्यात गुन्हा आहे, पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद. पण त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एवढीच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. विक्रीची गोष्ट निराळी. एमडीचं अल्प प्रमाण फक्त 2 ग्रॅम आहे, 50 ग्रॅमच्या वर गेलं की किमान 10 वर्षं कैद. ‘मी विकलं नाही, मित्रांसाठी आणून दिलं’ हा बचाव तिथे चालत नाही. आणि तुझ्या स्वतःसाठी: खोलीचा असा वापर जाणूनबुजून होऊ देणं हाही गुन्हा आहे. तुमच्या फ्लॅटवर कोणी पुड्या ठेवायला किंवा वाटायला येत असेल तर ते आजच थांबलं पाहिजे, आणि थांबत नसेल तर तू खोली सोड. पुडी सापडली तर सरांना दाखवायला म्हणून खिशात घालून फिरू नकोस. माझ्याकडे एक भाबडा मुलगा अशी घेऊन आला होता.

दारूपुरतं बोलायचं तर महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. आपलं गाव द्राक्षांचं आणि वायनरीचं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ग्लास हातात असण्यात कोणाला काही वाटेनासं झालंय. मला वाटतं.

कॉलेजात कोणाला सांगायचं? समितीला नको, नोटीस बोर्डवरच्या नावाला नको. पालक-शिक्षक असतील, एनएसएसचे सर असतील, लॅबमधल्या मॅडम असतील. ज्यांच्याकडे मुलं न बोलावता जातात असा एक माणूस निवड. त्यांनाही आधी नाव सांगू नकोस. विचार: ‘सर, एका मित्राबद्दल बोलायचंय. नाव सांगितलं तर तुम्ही पुढे काय कराल?’ उत्तर ऐक आणि मग ठरव. ‘आधी भेटू त्याला’ म्हणणारा तुझा माणूस.

ते न जमलं तर कॉलेजच्या बाहेरही दारं आहेत. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 14416 टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत. तू स्वतःही फोन करू शकतोस, पेशंटनेच करायला हवा असं नाही. विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर 1933. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. सरकारी रुग्णालयातले उपचार ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही येतात, म्हणून पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टर कॉलेजला फोन करत नाहीत. एमडी सोडवणारी एखादी ठरलेली गोळी नसते. झोप आणि नैराश्यासाठी औषधं देतात, मुख्य काम समुपदेशनाचं, आणि ते महिनोन् महिने चालतं. भरतीच व्हावं लागलं तर पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय.

घरी सांगायची वेळ आली तर ज्याचं घरात ऐकतात, मार न देता जो ऐकून घेतो, त्याला आधी सांग. मोठी बहीण, मामा, कोणीही. वडिलांना थेट फोन केला की बहुतेक वेळा कॉलेज सोडवतात, गावी नेतात आणि कोंडून ठेवतात. काहींना तर लग्न लावून दिलं की सुधारेल असं वाटतं. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींमधली पावडर जेवणात कालवणं तर जिवाशी खेळ आहे. काही पालक मुलाला दुसऱ्याच दिवशी इगतपुरीला विपश्यनेला पाठवायला निघतात. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण अंगातून नशा उतरत असताना दहा दिवस मौनात बसवणं हा पहिला उपाय नव्हे. आधी डॉक्टर.

त्याने पुन्हा घेतलं तर घाबरू नकोस. बहुतेकांचा पाय एकदा तरी घसरतो.

कॉलेजांनी काय करावं हेही तू शेवटी विचारलंयस. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, सभागृहात कवट्यांची चित्रं दाखवून आणि शपथ देऊन माझ्या होस्टेलमध्ये एकही मुलगा थांबलेला मला आठवत नाही. उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी निनावी चिठ्ठ्या घ्यायचो: तू पितोस का, आणि वर्गातले किती पीत असतील असं तुला वाटतं? अंदाज दरवेळी खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा निघायचा. आकडे फळ्यावर लिहिले की न पिणाऱ्या पोरांचे खांदे सैल पडलेले दिसायचे. आपण एकटेच मागे नाही आहोत, हे त्यांना कळायचं. दुसरं, पहिले दोन महिने संध्याकाळी सहा ते नऊ. घर सोडून आलेली मुलं त्याच वेळात कोणाच्या तरी हाती लागतात. आम्ही होस्टेलच्या मैदानावर दिवे लावून घेतले, व्हॉलीबॉलची जाळी बांधली आणि मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसायचो.

तो सुरगाण्याचा मुलगा आता शिक्षक आहे. मागच्या वर्षी भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘सर, परत तसंच झालं तर मी परत दार वाजवीन.’

तुझं बोलणं या मंगळवारी होऊ दे. तो काय म्हणाला ते इथे लिहिलंस तर मी नक्की वाचेन आणि पुढचं सांगेन.