रिफंडच्या मेलवर क्लिक करण्याआधी

पहिल्यांदाच प्राप्तिकराचं रिटर्न भरलंस ना? मग ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खातं पडताळा’ असा मेल आज ना उद्या येणारच. मलाही आला होता. कार्डाचा अर्धा नंबर टाइप करून झाल्यावर भानावर आलो. प्राप्तिकर विभाग मेलवरून पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील मागत नाही.

पाठवणाऱ्याचं नाव बघू नकोस, तिथे कुणीही काहीही लिहितं. लिंकचा पत्ता बघ, तोही शेपटाकडून. खऱ्या साइटचं शेपूट ‘इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ असतं. ‘इनकमटॅक्स’ पुढे आणि शेवटी भलतंच काही, तर ते घर दुसऱ्याचं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं. तरी माझं ऐकशील तर लिंक नकोच, पत्ता स्वतः टाइप कर.

आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर आधारची पीडीएफ तशीच सोडून येतोस ना? (आपण सगळेच येतो.) मास्क्ड आधार वापर, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. तुझ्या पॅनवर कुणी कर्ज उचललं असेल तर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुझ्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, दिसेल. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

पैसे गेलेच, तर घरच्यांपासून लपवत बसू नकोस. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. दुसऱ्या दिवशी फार अवघड.