कोकणात राहून हेवी मेटल बँडमध्ये बास वाजवणं जमेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २०, घर देवगडजवळ, दोन वर्षं बास गिटार वाजवतोस. बास वाजवणाऱ्या क्लिफ बर्टनसाठी अख्खा मेटालिका हा अमेरिकन मेटल बँड लॉस एंजेलिस सोडून त्याच्याकडे राहायला आला, मग तू मुंबई का गाठावीस? मी कुडाळचा. आठ वर्षं मुंबईत मेटल वाजवलं, आता गावी साउंडची कामं घेतो. वयाने मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो.

बर्टनची गोष्ट खरी आहे. ट्रॉमा नावाच्या बँडमध्ये त्याला वाजवताना मेटालिकाच्या पोरांनी पाहिलं आणि त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, मी हलणार नाही, तुम्हीच या. १९८३ च्या सुरुवातीला ते खरंच बोजाबिस्तरा घेऊन गेले. पण तो राहायचा सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारी, जिथे तेव्हा मेटलची पोरं गल्लोगल्ली होती. ठाण्यात बसून 'मी मुंबईला येणार नाही' म्हणण्यातला प्रकार. देवगडहून तसं म्हटलंस तर तुला न्यायला कोण येणार? ड्रमर मिळेपर्यंत तुझं लग्न होईल.

म्हणून जा. चार-पाच वर्षं जा, पण पोटाचं काम हातात धरून. मी गेलो तेव्हा शांतता क्षेत्राच्या नियमामुळे मुंबईतल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहातले शो बंद झाले होते. 'भयानक मौत' आणि 'डेमॉनिक रिझरेक्शन' या मुंबईच्या मेटल बँडांची नावं मात्र पोरांच्या तोंडी होती. आमचा बँड त्यांच्या पासंगाला पुरणारा नव्हता. दिवसा अंधेरीत डेटा एंट्री, रात्री चौघांत वर्गणी काढून तासाच्या भाड्याने घेतलेली खोली. पहिल्या शोचे माझ्या वाट्याला साडेतीनशे रुपये आले, आणि अँप (बासचा आवाज मोठा करणारा डबा) टॅक्सीत घालून आणायला चारशे गेले. करिअर म्हणशील तर हे असं. आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड उभा करणारा बासवाला स्टीव्ह हॅरिसही आधी ड्राफ्ट्समन होता. बँड १९७५ च्या नाताळात सुरू झाला, पहिला अल्बम आला १९८० मध्ये. मधली चार वर्षं कुणी आयती दिली नव्हती.

हॅरिसचा तो प्रसिद्ध घोडदौडीचा ठेका माझ्या बोटांत बसत नव्हता. दोन बोटांनी वाजवायचा, एक लांब आणि दोन आखूड, आणि तेही मिनिटाला दीडशे मात्रांच्या वर. सहा महिने घासलं. गणपतीला गावी आलो, आरतीनंतर भजन चाललं होतं, आणि आमच्या वाडीतला पखवाजवाला 'धा तिट, धा तिट' लावून बसलेला. तेच! लहानपणी त्याच्या शेजारी बसून कणीक मळून द्यायचो, डाव्या तोंडाला लावायला. कणीक कमी पडली की आवाज कोरडा, जास्त झाली की बसका. बासचा सूर कुठे गोळा होतो आणि कुठे पसरतो ते मी तिथेच शिकलो होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं. त्या रात्री मांडीवर बोटं आपटत बोल म्हणत राहिलो, चौथ्या दिवशी ठेका बसला. तुझ्या वाडीत भजनी मंडळ असेलच. यूट्यूब बंद कर आणि तिथे बस.

आता कोकणातली खास अडचण: खारी हवा. बासच्या तारा महाग, आणि आपल्याकडे पावसाळ्यात महिन्याभरात त्यांचा आवाज मरतो. एकदा मी जुन्या तारा काढून पाण्यात उकळत ठेवल्या, त्याने चिकटलेला मळ सुटतो. आई आत आली. "काय रे, टोपात काय शिजयतंस? शेवयो?" म्हटलं, तारो. पुढचा भात तिने शेजारच्यांकडून टोप आणून केला. उकळून पुन्हा दहा-पंधरा दिवस निघतात, जास्त नाही; चांगल्या पुसून पूर्ण कोरड्या कर, नाहीतर गंज धरतो. बासची मानही या हवेत वाकते. आतला सळईचा स्क्रू पाव आट्याहून जास्त एकदम फिरवू नकोस, एक दिवस जाऊ दे, मग बघ.

कानांत बोळे घाल. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पाव तास. आपली प्रॅक्टिसची खोली १०० च्या खाली कधीच नसते. माझ्या डाव्या कानात रात्री रातकिडा ओरडतो, बाराही महिने.

आणि शो संपल्यावर रात्रीचा प्रवास टाळ. बर्टन २४ वर्षांचा होता. २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला. कोणत्या बर्थवर कोण झोपणार यासाठी पत्ते काढले होते, त्याला इस्पिकचा एक्का आला, म्हणून हवा तो बर्थ त्याने घेतला होता. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) पहाटे संपली की लोक मला म्हणतात, टेम्पो काढा, उजाडेपर्यंत पोचाल. मी देवळाच्या मंडपात चटई टाकतो.

मेटलने मला पैसे दिले नाहीत, कान दिला (एक सोडून). दोन बुवांची बारी लागली की पखवाज घुमायला लागतो, गाणं बुडतं, आणि आवाजातला नेमका कुठला भाग कापायचा ते मला हाताशी कळतं. गणपतीपासून मे महिन्यापर्यंत त्यावर घर चालतं. आठवड्यातून एकदा मुंबईच्या एका बँडसाठी घरूनच बास रेकॉर्ड करून पाठवतो. त्याचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत.

पाच तारांचा घेऊ का, असंही विचारलंयस. चार तारांच्या बासची जाड तार ४१ हर्ट्झला बोलते, पाचवी ३१ ला. आपल्याकडचे भाड्याचे स्पीकर बॉक्स ४१ लाच धापा टाकतात, कर्ण्याची तर गोष्टच सोड. चारचाच घे, लागलं तर सूर उतरवून वाजव. उरलेल्या पैशात जाड पॅडची बॅग घे. कोकणकन्येच्या जनरल डब्यात तुझ्यापेक्षा तिला जास्त धक्के बसणार आहेत.